लाइझर झिल्बर ज्युनियर नावाचा कोणी नव्हताच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि फॅनशॉ प्रकाशनाचे मालक आदरणीय लेस्ली फॅनशॉ. सत्कारमूर्तींना पदक देण्यासाठी एवढ्या बर्फातून ओटावाहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या श्रीमती ऑगस्टा डनमोर. आज चाळीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त होणारे मुख्य संपादक आणि माझ्या सातही पुस्तकांचे संपादक मोरिस टॅन्झर. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. आणि ओले कोट मांडीवर घेऊन, मागच्या टेबलावरच्या खारवलेल्या माशाकडे आणि मधाच्या केककडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांच्या पुढ्यात घंटा ठेवली आहे, तीही मी बघितली. लेस्ली, ती घंटा जरा लांब सरकव. आज मला ती ऐकू येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी हेन्या झिल्बर. मी कथा-कादंबऱ्या लिहीत नाही. कुठल्या पुलाच्या तुळया कोणी खाल्ल्या, बंदराची जमीन कुठल्या मंत्र्याच्या मेहुण्याच्या घशात गेली, असली खरीखुरी पुस्तकं मी लिहिते. माझ्या पुस्तकांनी तीन मंत्री घरी बसले आणि एक आजारी पडला. तो खरोखर आजारी होता की नाही, हे कोर्टालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि हे सगळं मला ज्याने शिकवलं तो हा मोरिस. तीस वर्षांपूर्वी मी पहिलं हस्तलिखित घेऊन याच्या खोलीत गेले. याने वर बघितलं नाही. लाल पेन्सिल कानावर, चहा थंड झालेला. म्हणाला, "कागद किती आहेत?"

मी म्हटलं, "एक आहे. पण पक्का आहे."

"एक कागद म्हणजे अफवा, बाई. दोन कागद म्हणजे पुस्तक. जा, दुसरा घेऊन ये."

मी चार महिने वणवण केली आणि दुसरा आणला. पुढे त्या मंत्र्याचा वकील इथे येऊन आरडाओरडा करायला लागला, तेव्हा मोरिसने त्याला चहा दिला, दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत बसला. वकील चहा न पिताच गेला. असा हा माणूस. मोरिससारखा संपादक या शहरात दुसरा नाही, हे मी आजही म्हणते आणि मनापासून म्हणते. म्हणूनच माझा जीव जास्त जळतो आहे.

आता दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सत्कार समितीतल्या मुलींनी माझ्या घरी एक खोका पाठवला. सोबत चिठ्ठी होती, "मॅडम, तळघरात टॅन्झर सरांची जुनी प्रुफं सापडली. भाषणासाठी दोन-चार गमतीजमती मिळतील." मुलींनो, तुम्ही कुठे बसला आहात? हं, तिथे. तुमचे आभार कसे मानू? गंमत मिळाली. एकच मिळाली, पण जन्माला पुरेल अशी मिळाली.

ती कळायला थोडं मागे जावं लागेल.

एकोणीसशे एकेचाळीस साली माझं घर फ्रान्सच्या मार्से बंदरात एका हॉटेलच्या दोन खोल्यांत राहत होतं. माझे आजोबा लाइझर झिल्बर, माझे आईवडील, आणि माझा मोठा भाऊ मेंडल. मी तेव्हा जन्मायची होते. बेल्जियममध्ये आमच्या अँटवर्पवर बाँब पडायला लागले तेव्हा ही माणसं पायी निघाली, आणि मेंडल रस्त्यातच एका शेतघरात जन्मला. ना दाखला, ना नोंद. मार्सेहून पुढे कुठेही जायचं तर कुठल्यातरी देशाचा परवाना हातात लागतो. यांनी कॅनडाकडे अर्ज केला होता. अर्ज मंजूर झाला. मंत्र्याने सही केली. माझ्या घराच्या आणि आणखी दहा घरांच्या अशा अकरा परवान्यांवर सह्या झाल्या आणि ते पुढे पाठवण्यासाठी एका साहेबाच्या टेबलावर आले. त्या साहेबाचं नाव रसेल डनमोर.

ऑगस्टाबाई, बसा. कृपा करून बसा. तुमच्याशी माझं भांडण नाही. वडील निवडून घेता येत नाहीत, मला ठाऊक आहे. पण तुम्ही मुख्य पाहुण्या आहात, तेव्हा मुख्य गोष्ट तुम्ही ऐकायलाच हवी.

डनमोरसाहेबांनी ते परवाने टपालात टाकले नाहीत. खणात ठेवले. का? त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मला विचाराल तर आम्ही ज्यू त्यांना नको होतो, बस्स. एवढं साधं कारण पुरतं. पाकिटं तयार होती, पत्ते लिहिलेले होते. नुसती डब्यात टाकायची होती हो!

आणि तिकडे माझे आईवडील रोज सकाळी टपाल कचेरीच्या रांगेत उभे राहायचे. एकट्याने गेलं तर रांगेतली जागा राखायला कोणी नसायचं, म्हणून दोघं जायचे. पोर आजोबांपाशी. बेचाळीसच्या ऑगस्टमधल्या एका सकाळी ते असेच रांगेत होते. खिडकीतला माणूस म्हणाला, "झिल्बर? काही नाही. उद्या या." ही दोघं परत हॉटेलवर आली तेव्हा दोन्ही खोल्यांची दारं सताड उघडी होती. मालकीण जिन्यात उभी होती. म्हणाली, "पोलीस आले होते. वर जाऊ नका. पळा." आजोबा सत्तर वर्षांचे, मेंडल दोन वर्षांचा. ज्या गाडीत त्यांना घातलं त्या गाडीतून कोणी परत आलं नाही.

लेस्ली, तुझा हात घंटेवर गेला, मी बघते आहे. वाजव. माझी ना नाही. पण मग मी आणखी मोठ्याने बोलेन आणि माझा आवाज कसा आहे ते तुला माहीत आहे.

लढाई संपली. सेहेचाळीस साली कोण्या कारकुनाला खणात ते अकरा परवाने सापडले आणि बोभाटा झाला. चौकशी बसली. डनमोरसाहेब अगदी शांतपणे म्हणाले, "या तर प्रती आहेत. मूळ परवाने मी वेळेवर पाठवले होते. हे बघा, त्या लोकांचं आभाराचं पत्र." आणि त्यांनी पत्र काढलं. अकरा कुटुंबांच्या सह्या! परवाने मिळाले, साहेबांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही, वगैरे वगैरे. बरं, त्या सह्या करणाऱ्यांपैकी साक्षीला येणार कोण? राखेला कोणी समन्स पाठवतं का? चौकशी मिटली. साहेब वर चढत गेले. पत्र फायलीत गेलं आणि फाईल कुलपात.

माझे आईवडील दोन वर्षांनी मॉन्ट्रियलला आले. मी इथलीच, सेंट लॉरेन्स रस्त्यामागच्या गल्लीतली. वडील फरकोटाच्या कारखान्यात शिवणकाम करत. त्यांना वाटायचं, अर्ज नामंजूर झाला असणार. कॅनडाने आपल्याला नको म्हटलं, ठीक, जगानेच म्हटलं होतं. चाळीस वर्षं ते हेच समजून जगले.

मग सत्याऐंशी साली याच प्रकाशनाने डनमोरसाहेबांचं चरित्र काढलं. छान जाड कागद, सोनेरी अक्षरं. संपादक, मोरिस टॅन्झर. आणि पान दोनशे सतरावर, पूर्ण पानभर, त्या आभाराच्या पत्राचं छायाचित्र.

वडिलांनी ते पुस्तक दुकानात उभ्याउभ्या चाळलं आणि तसंच विकत घेऊन घरी आले. टोपीही काढली नाही. स्वयंपाकघरात आईपुढे पान धरलं.

"सोरे, बघ. माझा बाप या माणसाचे आभार मानतोय."

"कुठला बाप?"

"मला बाप किती आहेत? वाच की!"

आईने ओल्या हातानेच पुस्तक घेतलं. वाचता वाचता तिचं बोट एका जागी थांबलं. "हा ज्युनियर कोण?"

तिथे टाइप केलेलं होतं: लाइझर झिल्बर आणि नातू लाइझर झिल्बर ज्युनियर.

"हा म्हणे आपला मेंडल," वडील म्हणाले.

आणि माझी आई हसायला लागली. देवाशपथ सांगते, हसायला लागली, आणि मग तिला हसू थांबवता येईना. "म्हातारा समोर खुर्चीत बसलेला असताना त्याचंच नाव पोराला? म्हणजे तो कधी मरतो याची वाट बघत होतो की काय आपण! कुठल्या गाढवाने लिहिलं हे?"

सभागृहात अर्धी माणसं आमची आहेत, ती आत्ता मान हलवताहेत. उरलेल्या अर्ध्यांसाठी सांगते. पोलंडकडून आलेल्या आम्हा ज्यूंच्या घरांत जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत. गेलेल्या माणसाचं ठेवतात. आमच्या बायका म्हणतात, मरणाचा दूत नाव वाचत येतो, एका घरात एकाच नावाचे दोघे असले तर घोटाळा करून भलत्यालाच घेऊन जाईल. तुम्ही हसा. पण दारू पिऊन पडणारा ज्यू असेल, देव न मानणारा असेल, डुक्कर खाणारा असेल, तोही जिवंत बापाचं नाव आपल्या पोराला ठेवणार नाही. ज्युनियर हा प्रकार साहेबलोकांचा. ज्याने ते पत्र बनवलं त्याने आपल्या घरासारखंच आमचं घर समजलं.

मी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. वर्षभरात खणाची हकिगत, चौकशीचे कागद, सगळं गोळा केलं आणि हस्तलिखित घेऊन मोरिसकडे गेले. दुसरीकडे कुठे जाणार? तो आमच्यातला. त्याचे आईवडील आमच्याच बोटीतून आलेले. त्याने मला कोपऱ्यावरच्या खानावळीत नेलं, माझ्यापुढे मांसाचं सँडविच ठेवलं आणि म्हणाला, "हेन्या, हे छापता येणार नाही."

"का?"

"एक रिवाज म्हणजे पुरावा नव्हे. पळापळीत लोक काय काय करतात. एखाद्याने ठेवलं असेल नाव."

"मोरिस, तू तुझ्या मुलाला तुझ्या जिवंत बापाचं नाव ठेवशील?"

तो सँडविचवर मोहरीची चटणी पसरत बसला. मग म्हणाला, "तू माझी मैत्रीण आहेस म्हणून सांगतो. आपण फार आवाज केला की दारं बंद होतात. तुझ्या वडिलांचं दुःख मला कळतं. पण दुःख म्हणजे कागद नाही. दुसरा कागद आण."

मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे." मला वाटलं, गुरू आहे, कडू बोलतोय ते माझ्या भल्यासाठी. मी दुसरा कागद एकवीस वर्षं शोधला. चार शहरांतली दफ्तरं पालथी घातली. वडील शेवटच्या आजारात रोज विचारायचे, "निघालं का नाव?" त्यांना पुस्तक नको होतं, भरपाई नको होती. एवढंच हवं होतं की आपल्या बापाची सही त्या माणसाच्या कौतुकाखालून निघावी, आणि आपल्या पोराला कोणी खोट्या नावाने ओळखू नये. मी म्हणायचे, "निघेल बाबा." ते गेले, आणि नाव तिथेच राहिलं. चरित्राच्या पाच आवृत्त्या निघाल्या हो तोवर!

आता खोका.

खोक्यात त्या चरित्राची प्रुफं होती. पान दोनशे सतरा काढलं. ज्युनियर या शब्दाभोवती लाल वर्तुळ. शेजारी समासात मोरिसचं अक्षर, तीस वर्षं माझ्या पानांवर बघितलेलं: "हे अशक्य आहे. ज्यू घरात असं नाव ठेवत नाहीत. पत्र खोटं असावं. विचारा." पुस्तक छापायच्या आधीचं हे! माझी आई ओल्या हाताने हसली त्याच्या सहा महिने आधीचं!

आणि त्या पानाला गंजलेल्या टाचणीने एक पत्र लावलेलं. डनमोरसाहेबांचं उत्तर. म्हातारपणी माणूस बेफिकीर होतो म्हणतात, ते खरं असावं. वाचून दाखवते. "प्रिय टॅन्झर, तुमची नजर तीक्ष्ण आहे. नावं माझ्या चिटणिसाने अर्जावरून उतरवली होती. मुलाचं नाव त्याला वाचता येईना, म्हणून आमच्याकडे ठेवतात तसं ठेवून दिलं. इतक्या वर्षांनी या किरकोळ बाबीचा बाऊ करू नये असं मला वाटतं. मुख्य संपादकाच्या जागेबद्दल फॅनशॉंशी माझं बोलणं झालं आहे."

त्याच्याखाली तीच लाल पेन्सिल. वर्तुळावर काट. आणि दोन शब्द: "राहू द्या."

शांतता चांगली आहे. राहू द्या.

मोरिस, माझ्याकडे बघ. छताकडे नको. डनमोरने केलं ते परक्याने केलं. फॅनशॉला कळलं नाही, त्याला कसं कळणार? पण तुला कळलं होतं! या अख्ख्या इमारतीत तुला एकट्याला कळलं होतं. आणि तू मला एकवीस वर्षं दुसरा कागद शोधायला गावोगाव हिंडवलंस, आणि तो तुझ्याच टेबलाखालच्या तळघरात होता. कुंपणानेच शेत खाल्लं. माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला तू आलास. तू पहिली माती टाकलीस. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "फार सरळ माणूस होता." तो हात अजून मला खांद्यावर जाणवतो, आणि मला अंघोळ करावीशी वाटते.

तू मला विचारशील, मग त्या मुलींना नकार देऊन घरीच का नाही आलीस, दोघांत बोललो असतो. नाही. तू छापलंस ते चारचौघांत छापलंस. मग ते खोडायचं चारचौघांत. मी गेले दोन आठवडे एक घास सुखाने खाल्ला नाही, फक्त या व्यासपीठाची वाट बघितली. लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. मिळतं. मला आत्ता, या क्षणी, फार बरं वाटतं आहे.

लेस्ली, तुझ्या वकिलांना त्रास नको. एकवीस वर्षं तयार पडलेलं माझं ते पुस्तक टोरांटोच्या एका लहान प्रकाशकाने घाईघाईने छापलं आहे, सोमवारी दुकानांत येईल. पान दोनशे सतराचं प्रुफ आणि ते पत्र, दोन्हींची छायाचित्रं आत आहेत. दोन कागद आहेत. नियम पाळला आहे. मूळ कागद कोर्टाच्या तिजोरीत आहेत, त्यामुळे आज माझी पर्स कोणी हिसकावू नये, आत फक्त रुमाल आणि खोकल्याच्या गोळ्या आहेत.

ऑगस्टाबाई, पदकाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या वडिलांच्या नावाचं पदक आहे, आणि खरं सांगायचं तर ते घ्यायला मोरिसपेक्षा लायक माणूस मलाही सुचत नाही.

आता संपवते. समारोपात आभार मानायचे आणि चुकल्यामाकल्याची माफी मागायची, अशी पद्धत आहे. खोका पाठवणाऱ्या मुलींचे, इतका वेळ जागेवर बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांचे, आणि शेवटी घंटा न वाजवणाऱ्या अध्यक्षांचे आभार. वेळ जास्त घेतला, चहा थंड केला, समारंभाचा रंग बिघडवला, त्याबद्दल तुम्ही मला उदार मनाने क्षमा करा.

पण मोरिसला क्षमा करणं माझ्या हातात नाही. आमच्या धर्मात ज्याचा अपराध केला त्याच्याच दारात जाऊन माफी मागावी लागते, त्याच्यातर्फे दुसरं कोणी देऊ शकत नाही, मुलगी नाही, नातही नाही. आणि तो माणूस हयात नसेल, तर दहा माणसं सोबत घेऊन त्याच्या कबरीशी उभं राहायचं आणि त्यांच्या देखत मोठ्याने म्हणायचं, मी याचा अपराधी आहे. मोरिस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तुझे वडील प्रार्थनागृहात शिकवायचे.

लाइझर झिल्बरना कबर नाही. मेंडलला नाही. तेव्हा जागेचा प्रश्न सुटला, कुठेही उभं राहिलं तरी चालेल. आणि माणसं मी मोजली, आमचीच साठ-सत्तर भरतील.

माइक चालू ठेवते आहे. ये, मोरिस. दोघांचीही नावं घे, आणि पोराचं नाव या वेळी बरोबर घे.